पोसलेला ड्रॅगन

पोसणे हा मराठीतील मोठा मायाळू शब्द आहे. वस्तू विकत घेण्यास एक क्षण पुरतो. जीव पोसण्यास मात्र दिवस लागतात, महिने लागतात, कधीकधी वर्षेही लागतात. पैसे मोजताच वस्तू आपली होते. पोसलेला जीव तसा एकदम आपला होत नाही. तो हळूहळू आपला होतो, आणि तो आपला होत असताना आपणही थोडेथोडे त्याचे होत जातो. गोठ्यातले वासरू असो, परसातले रोप असो, की भोके पाडलेल्या डबीत ठेवलेला सुरवंट असो. ज्याने त्याला वाढविले त्यालाच त्याच्या वाढीचा खरा आनंद कळतो.

ड्रॅगन पोसल्याचे मात्र कोणी पाहिलेले नाही. कारण हा प्राणी सृष्टीत नाही, तो कथांत आहे. युरोपातील जुन्या कथांत तो आग ओकतो, गावे उजाड करतो, आणि शेवटी एखादा शूर वीर त्याचा वध करतो. चीन आणि जपान या देशांत त्याचे रूप निराळे आहे. तेथे तो नद्यांचा व पावसाचा स्वामी समजला जातो. लोक त्याला भितात, तसे पूजतातही. तात्पर्य, ड्रॅगनला मारावे किंवा त्याच्यापुढे हात जोडावेत, असे दोनच मार्ग बहुतेक जुन्या कथा सांगतात. त्याला लहानाचा मोठा करावा, त्याच्या बळावर झुंजावे, त्याच्या पराभवाने हळहळावे आणि त्याच्या विजयाने हरखून जावे, हा तिसरा मार्ग लक्षावधी मुलांना दाखविला तो व्हिडिओ गेमने. अशा खेळांपैकी जगभर गाजलेला खेळ म्हणजे जपानमधील ‘पोकेमॉन’. या खेळात नाना प्रकारचे अद्भुत जीव आहेत आणि त्यांत ड्रॅगनही आहेत. पण तेथला सामर्थ्यवान ड्रॅगन सहसा आयता हाती लागत नाही. तो घडवावा लागतो.

या खेळाचे बीज रुजले ते एका मुलाच्या कीटकप्रेमात. सातोशी ताजिरी यांचा जन्म 1965 साली टोकियोत झाला आणि त्यांचे बालपण त्या महानगराच्या पश्चिमेकडील माचिदा या उपनगरात गेले. त्या काळी माचिदाभोवती भातखाचरे होती, झाडी होती, ओढे आणि तळी होती. सवड मिळाली की छोटा सातोशी तेथे रमे. ओढ्यात हात घालावा आणि गोड्या पाण्यातला झिंगा हाती लागावा, असे ते दिवस होते.

जपानी मुलांना शिंगे असलेल्या मोठ्या भुंगेऱ्यांचे फार वेड. ते पकडावेत, पाळावेत, एखाद्या ओंडक्यावर समोरासमोर ठेवून त्यांची कुस्ती लावावी, आपल्याजवळचा एक मित्राला देऊन त्याच्याजवळचा निराळा आपण घ्यावा, हा तेथील मुलांचा उन्हाळ्यातला आवडता उद्योग. भुंगेरे पकडण्यासाठी मुले झाडाच्या सालीला मध लावून ठेवीत. सातोशीने निराळा विचार केला. हे कीटक दिवसा झोपतात आणि झोपण्यासाठी दगडाखालचा आडोसा शोधतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. म्हणून तो झाडाच्या बुंध्याशी दगड ठेवी आणि सकाळी जाऊन तो अलगद उचली. खाली भुंगेरा निवांत झोपलेला असे! ज्याला जीव आपलासा करायचा आहे त्याने आधी त्या जीवाची रीत जाणून घेतली पाहिजे, हा धडा त्याला त्याच्या डोळ्यांनीच शिकविला. सवंगडी त्याला ‘कीटकपंडित’ म्हणू लागले.

परंतु टोकियो वाढत होते. शहराचे पाऊल पुढे पडत गेले, तशी माचिदाची भातखाचरे मागे हटत गेली. झाडी तुटली, रस्ते झाले, घरे उठली. जेथे मुले गळ टाकून बसत ते तळे बुजविले गेले, आणि तेथे व्हिडिओ गेमच्या यंत्रांचे दालन उभे राहिले. कीटक दिसेनासे झाले. केवढा हा दैवाचा खेळ! ज्या दालनाने तळे गिळले, त्याच प्रकारच्या दालनांत सातोशीचे मन आता रमू लागले. 1978 मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ निघाला आणि त्याने जपानच्या तरुण पिढीला वेड लावले. सातोशीही त्यात बुडाला. वर्ग चुकू लागले, अभ्यास मागे पडला, आणि आईवडिलांना काळजी वाटू लागली. ती काळजी अस्थानी नव्हती. वेड दोन प्रकारचे असते. एक माणसाला नुसते गुंतवून ठेवते. दुसरे त्याला काही निर्माण करावयास लावते. मुलाचे वेड यांपैकी कोणते, हे प्रारंभी कोणालाच सांगता येत नाही.

सातोशीचे वेड दुसऱ्या प्रकारचे निघाले. 1983 साली त्याने ‘गेम फ्रीक’ या नावाचे एक लहानसे नियतकालिक काढले. मजकूर हाताने लिहिलेला, पाने पिनांनी जोडलेली, आणि विषय एकच : व्हिडिओ गेम कसे खेळावेत आणि त्यांत काय दडलेले आहे. ते अंक वाचून केन सुगिमोरी नावाचा चित्रकार त्याच्याकडे आला आणि अंकासाठी चित्रे काढू लागला. दुसऱ्यांच्या खेळांविषयी लिहितालिहिता या मित्रांना वाटू लागले, की आपल्याला हवा तसा खेळ आपणच का करू नये? 1989 साली नियतकालिकाचेच नाव धारण करून त्यांची कंपनी स्थापन झाली.

त्याच वर्षी निन्टेन्डो या कंपनीने ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे खेळयंत्र बाजारात आणले. आजच्या दृष्टीने ते अगदी साधे होते. पडदा आडवा 160 आणि उभा 144 ठिपक्यांचा. रंग म्हणाल तर एकाच रंगाच्या चार छटा. पण दोन यंत्रे एका तारेने जोडण्याची सोय त्यात होती. दोन मुलांनी एकमेकांविरुद्ध खेळावे, हा त्या तारेचा रूढ उपयोग. ताजिरी यांनी ती तार पाहिली आणि त्यांच्या मनापुढे निराळेच चित्र उभे राहिले. त्या तारेवरून एक कीटक या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत चालला आहे! बालपणी माचिदात होत असे ती कीटकांची देवघेव आता या तारेतून होऊ शकेल. भातखाचरे राहिली नाहीत, तरी तो आनंद पुन्हा मुलांच्या हाती देता येईल.

कल्पना एका क्षणात सुचली. ती सिद्धीस जाण्यास सुमारे सहा वर्षे लागली. मध्यंतरी कंपनीची आर्थिक स्थिती अतिशय खालावली. काही सहकारी सोडून गेले. ताजिरी यांनी स्वतःचे वेतन घेणे थांबविले आणि वडिलांच्या आधारावर दिवस काढले. या काळात निन्टेन्डोतील विख्यात खेळरचनाकार शिगेरू मियामोतो यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे 1997 मध्ये या खेळावरून दूरचित्रवाणीची मालिका निघाली, तेव्हा तिच्या नायकाचे नाव सातोशी आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव शिगेरू असे ठेवण्यात आले. भारतातील मुले या नायकाला ॲश म्हणून ओळखतात. ज्याच्याकडून शिकायचे आणि ज्याला गाठायचे, त्या गुरूचे नाव प्रतिस्पर्ध्याला द्यावे, यात केवढा आदर आहे!

27 फेब्रुवारी 1996 रोजी खेळ जपानमध्ये प्रसिद्ध झाला. एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या होत्या, एक लाल आणि एक हिरवी. तोपर्यंत गेम बॉय जुना झाला होता, आणि त्याच्याकडून कोणाला फारशी अपेक्षा उरली नव्हती. पण एका मुलाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि बघताबघता हा खेळ शाळाशाळांतून पसरला.

या खेळाची रीत अशी. खेळाडू एका लहान गावातून प्रवासास निघतो. निघताना त्याला एक छोटा जीव मिळतो. वाटेत गवतात, गुहांत, पाण्यात इतर जीव भेटतात. त्यांना एका जादूच्या गोळ्यात पकडून तो आपल्या संग्रहात घेतो. प्रवासात एका वेळी सहाच जीव जवळ ठेवता येतात, म्हणून कोणाला सोबत घ्यावे याचा विचार करावा लागतो. झुंज दांडगाईने जिंकता येत नाही. पाणी आगीला विझविते, आग वनस्पतीला जाळते, वनस्पती पाणी शोषून घेते. कोणापुढे कोण उभा करावा हे ज्याला कळते, तो जिंकतो. प्रत्येक जीवाला चारच युक्त्या लक्षात ठेवता येतात. पाचवी शिकायची असेल, तर आधीची एक विसरावी लागते. प्रत्येक झुंजीतून अनुभव मिळतो, अनुभव साठत जाऊन जीवाची पातळी वाढते, आणि विशिष्ट पातळी गाठली की अनेक जीवांचे रूपांतर होते. येथे कीटकपंडिताची जुनी विद्या उपयोगी पडली आहे. खेळातल्या हिरव्या सुरवंटाचा सातव्या पातळीला कोश होतो आणि दहाव्या पातळीला त्या कोशातून फुलपाखरू बाहेर पडते. सृष्टीतला चमत्कारच त्यांनी खेळात आणून ठेवला.

आता ड्रॅगनची गोष्ट.

चीनमध्ये ह्वांग हो नावाची महानदी आहे. तिच्याविषयी एक प्राचीन दंतकथा सांगतात. प्रवाहाविरुद्ध पोहत अनेक कार्प मासे त्या नदीतून वर जातात. वाटेत ‘ड्रॅगनचे द्वार’ नावाची जागा लागते. तेथे पाणी भयंकर वेगाने कोसळते. बहुतेक मासे तेथून परत फिरतात. पण जो कार्प ती उडी साधतो, तो त्याच क्षणी ड्रॅगन होऊन आकाशात झेपावतो. ही कथा जपानमध्येही रुजली. तेथे 5 मे हा दिवस मुलांचा दिवस म्हणून पाळतात. 1948 पासून तो राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. त्या सुमारास घराघरांवर उंच काठीला कापडाचे कार्प मासे बांधतात. वारा भरला, की ते आकाशात पोहू लागतात. आपल्या मुलांनी त्या कार्पासारखे प्रवाहाविरुद्ध जावे, हीच त्यामागची आईबापांची इच्छा.

पोकेमॉनमध्येही असा एक कार्प आहे. जगभरची मुले त्याला मॅजिकार्प म्हणतात. जपानी भाषेत तो कोइकिंग. खेळाच्या पूर्वार्धात डोंगराजवळ एक विक्रेता भेटतो आणि हा मासा मोठी बढाई मारून 500 नाण्यांना विकतो. नवखा खेळाडू हौसेने तो घेतो, झुंजीत उतरवितो, आणि कपाळावर हात मारून घेतो. कारण या माशाला येते काय? नुसते तडफडणे. तो उसळतो, आपटतो, पुन्हा उसळतो. प्रतिस्पर्ध्याला मात्र ओरखडाही येत नाही. संपूर्ण खेळात याच्याइतका कुचकामी जीव शोधून सापडणे कठीण. पुष्कळ मुले त्याला संग्रहाच्या कोपऱ्यात टाकून देतात आणि विसरून जातात.

परंतु काही मुले त्याला टाकून देत नाहीत. ती त्याला पोसतात. आता, ज्याला लढताच येत नाही त्याला लढाईचा अनुभव मिळावा कसा? त्याचीही एक रीत आहे. झुंज सुरू होताना माशाला पुढे उभे करायचे आणि लगेच माघारी बोलावून त्याच्या जागी एखाद्या बलवान सोबत्याला पाठवायचे. त्या सोबत्याने झुंज जिंकली, की मैदानात पाऊल टाकल्याबद्दल माशालाही अनुभवाचा वाटा मिळतो. पण या अदलाबदलीची किंमत आहे. माघारी आलेल्या माशावर पडायचा तो पहिला वार नव्याने आलेल्या सोबत्यावर पडतो. दुबळ्याच्या वाढीसाठी सबळाने अंगावर घाव घ्यावा, असा हा नियम आहे. कुटुंबात तरी याहून निराळे काय घडते?

असे एकदा नव्हे, पुन्हापुन्हा करावे लागते. दहावी पातळी येते. मासा तडफडतोच आहे. पंधराव्या पातळीला तो साधी धडक मारायला शिकतो, आणि एवढ्यानेही पोसणाऱ्याला धन्य वाटते. अठरा, एकोणीस. मग विसावी पातळी येते. पडदा लुकलुकू लागतो, माशाची आकृती आणि दुसरी एक अनोळखी आकृती आळीपाळीने दिसू लागतात, आणि पाहतापाहता त्या हास्यास्पद माशाच्या जागी जबडा पसरलेला एक प्रचंड जलड्रॅगन उभा राहतो. त्याचे नाव ग्याराडोस. खेळातील नोंदीप्रमाणे मॅजिकार्प 90 सेंटिमीटर लांब आणि 10 किलोग्रॅम वजनाचा. ग्याराडोस साडेसहा मीटर लांब आणि 235 किलोग्रॅम वजनाचा! त्या क्षणी पोसणाऱ्या मुलाच्या मनात जे काही उसळते, ते दुकानातून ड्रॅगन विकत घेणाऱ्याला कधी कळायचे नाही.

यातील एक गंमत जाणत्या खेळाडूंना ठाऊक असते. नियमांच्या काटेकोर वर्गवारीत ग्याराडोस ड्रॅगन कुळातला नाहीच. तो जल आणि आकाश या दोन वर्गांतला. पहिल्या खेळात खऱ्या ड्रॅगन कुळाचे जीव तीनच. तेही एकाच जीवाची तीन रूपे : ड्रॅटिनी नावाचा नाजूक सर्प तिसाव्या पातळीला ड्रॅगोनेअर होतो आणि पंचावन्नाव्या पातळीला पंखधारी ड्रॅगोनाइट. फुलपाखराला दहा पातळ्या पुरल्या, ड्रॅगनला पंचावन्न लागल्या. तथापि खेळाच्या अखेरीस जेव्हा ड्रॅगनांचा निष्णात पालक वातारू सामोरा येतो, तेव्हा तो सर्वांआधी कोणाला मैदानात धाडतो? ग्याराडोसलाच. ज्या माशाला खेळाडूने पूर्वी कुचकामी म्हणून हिणविले, त्याचेच मोठे रूप ड्रॅगनपालकाच्या अग्रभागी उभे असते. कुळाने जे नाकारले ते कर्तृत्वाने मिळविले, असेच म्हणावे लागेल.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? तार जोडावी आणि मित्राने वाढविलेला तयार ड्रॅगन मागून घ्यावा. तसे करता येते. पण रचनाकारांनी त्यात एक मर्म ठेवले आहे. बाहेरून आलेला जीव जर फार वरच्या पातळीचा असेल आणि खेळाडूने स्वतः तेवढी मानचिन्हे मिळविली नसतील, तर तो जीव त्याचे ऐकत नाही. आज्ञा करावी तर तो दुसरेच काही करतो; कधी ऐन झुंजीत खुशाल झोपी जातो. उसने बळ हाती येते, हुकमात येत नाही. ते हुकमात यायचे, तर आपली योग्यता वाढवावीच लागते.

मग ती तार कशासाठी? तार होती ती खऱ्या देवघेवीसाठी. लाल आवृत्तीतले काही जीव हिरवीत सापडत नाहीत, हिरवीतले काही लालमध्ये नाहीत. काही जीव तर असे, की ते मित्राच्या यंत्रात गेल्यावाचून त्यांचे अखेरचे रूपांतर होतच नाही. म्हणजे खेळाडू कितीही हुशार असो, एकट्याने त्याचा संग्रह पूर्ण व्हायचा नाही. त्याला दुसऱ्या मुलाकडे जावे लागे, त्याच्या शेजारी बसावे लागे, आपले काही द्यावे लागे. ज्याची देवघेव करायची तो जीव आपण पोसलेला असे, म्हणून देताना मनाला थोडी हुरहुरही लागे. यंत्राने मुलांना एकलकोंडे करू नये, ही तजवीज त्या एका लहानशा तारेत होती.

आणखी एक गोष्ट ताजिरी यांनी कटाक्षाने सांभाळली. झुंजीत हरलेला जीव मरत नाही. तो मूर्च्छित होतो. त्याला उपचारकेंद्रात नेले, की तो पुन्हा ताजातवाना होतो. ओंडक्यावर कुस्ती हरलेला भुंगेराही मरत नसे. तो उलटा पडे, पाय हलवी आणि पुन्हा सरळ होई. हरणे म्हणजे संपणे नव्हे, एवढे जरी मुलांच्या मनावर ठसले, तरी पुष्कळ झाले.

पुढे काळ बदलला. खेळ हातातल्या मोबाइलमध्ये आले आणि ड्रॅगन पोसण्याचे, त्यांच्या झुंजी लावण्याचे नवे खेळ निघाले. बार्सिलोना येथील सोशल पॉइंट या कंपनीचा 2012 मधील ‘ड्रॅगन सिटी’ हा त्यांतला एक गाजलेला खेळ. त्यात खेळाडू तरंगत्या बेटांवर ड्रॅगनांसाठी निवारे बांधतो, शेतात त्यांचे अन्न पिकवितो, दोन निरनिराळ्या ड्रॅगनांची जोडी जमवून अंडे मिळवितो आणि ते उबविण्यास ठेवतो. चित्रे मनोहर आहेत, कल्पकताही आहे. अंडे फुटण्यास घड्याळाप्रमाणे खरोखरीचा वेळ लागतो, कधी कित्येक तास. येथवर सारे ठीक. पण ज्याला धीर नाही त्याच्यासाठी तेथे रत्ने ठेवलेली असतात. रत्ने दिली की अंडे तत्काळ फुटते. आणि रत्ने संपली तर ती खऱ्या पैशांनी विकत मिळतात.

हा फरक लहान वाटतो, पण तो मुळावर येणारा आहे. पहिल्या खेळात वाट पाहणे हाच पोसण्याचा आत्मा होता. येथे वाट पाहणे ही एक अडचण झाली आणि ती दूर करण्याचा दर ठरला. पी हळद आणि हो गोरी! शिवाय हे पैसे बहुधा मुलाचे नसतात. ते आईवडिलांच्या घामाचे असतात, आणि बोटाच्या एका स्पर्शाने ते कसे व किती गेले, हे मुलाला त्या वेळी उमगतही नाही. पैसे गेले हे नुकसान तर खरेच. परंतु याहून मोठे नुकसान दिसत नाही. जो ड्रॅगन एका क्षणात मोठा झाला, त्याच्याबरोबर त्याचा मालक मोठा झालेला नसतो. म्हणूनच असा ड्रॅगन लवकर जुना वाटतो आणि लगेच दुसरा हवासा होतो.

पहिल्या खेळातील ड्रॅगनांचीही एक करुण कथा आहे. गेम बॉयच्या खेळाची जी लहानशी पेटी असे, तिच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असे. खेळाडूने वाढविलेल्या साऱ्या जीवांची आठवण त्या बॅटरीच्या आधाराने टिके. वर्षे लोटली, मुले मोठी झाली, पेट्या कपाटात पडून राहिल्या, आणि एकेक करून त्या बॅटऱ्या संपत गेल्या. कोणी सहज म्हणून जुना खेळ सुरू करून पाहावा, तो आत काहीच नाही! विसाव्या पातळीपर्यंत सांभाळलेला मासा नाही, पंचावन्नाव्या पातळीला पंख फुटलेला ड्रॅगन नाही. प्रवास पुन्हा पहिल्या गावापासून. मग त्या परिश्रमांतून उरले काय? पडद्यावरचे उरले नाही हे खरे. परंतु कुचकाम्याला टाकून न देण्याची, त्याच्यासाठी पुन्हापुन्हा माघार घेण्याची, उशिराने येणाऱ्या फळाची वाट पाहण्याची जी सवय पोसणाऱ्याला जडली असेल, ती कोणत्याही बॅटरीवर अवलंबून नव्हती. ती जडली असेल तर ड्रॅगन वाया गेला नाही. ती जडली नसेल तर ड्रॅगन पूर्वीही नव्हता.

2016 साली या खेळाचे ‘पोकेमॉन गो’ हे नवे रूप आले. त्यात खेळाडूला घरी बसून भागत नाही. खऱ्या रस्त्यांवरून, बागांतून, पाणवठ्यांच्या काठाने चालावे लागते. मॅजिकार्पचा ग्याराडोस करावयाचा तर त्याच्या खाऊच्या 400 गोळ्या जमवाव्या लागतात. मासे पकडून त्या मिळतात, किंवा माशाला सोबती करून चालत राहिले तर दर किलोमीटरला एक मिळते. केवळ चालून ड्रॅगन घडवायचा म्हटले, तर 400 किलोमीटरांची पायपीट झाली! पडद्यात मान खुपसून रस्त्याने चालणे धोक्याचे असते, आणि त्यापायी कित्येकांचे अपघातही झाले, हे विसरून चालणार नाही. तथापि बुजलेल्या तळ्याच्या आठवणीतून जन्मलेला हा खेळ वीस वर्षांनी मुलांना पुन्हा एकदा पाण्याच्या काठी घेऊन गेला, हा योग विलक्षण खरा.

काठापर्यंत खेळ नेऊ शकतो. पुढचे पाऊल मात्र मुलानेच टाकावयाचे असते. पडद्यावरच्या सुरवंटाला भूक लागत नाही, तो मेल्याचे दुःख होत नाही आणि त्याचे पाय तळहाताला गुदगुल्या करीत नाहीत. छोट्या सातोशीला जर ओढा, झाडी आणि भुंगेरे मिळाले नसते, तर त्याच्या हातून हा खेळही निर्माण झाला नसता. ज्याला उद्या नवा ड्रॅगन निर्माण करायचा आहे, त्याने आज पडदा थोडा बाजूला ठेवून बाहेर जावे. झाडे अजून सगळीच तुटलेली नाहीत, तळी अजून सगळीच बुजलेली नाहीत. कोठल्यातरी झाडाच्या बुंध्याशी एखादा दगड असेलच. तो अलगद उचलून पाहावा, खाली झोपलेल्या जीवाची विचारपूस करावी, आणि दगड होता तसा पुन्हा हळूच ठेवून द्यावा.